बटण दाबणारा माणूस

सोपानभाऊ केदारी कुणाच्या घरी गाणं टेप करायला गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवायचे. विचारायचेही नाहीत. चहा पुढे आला तर ‘मागनं’ म्हणायचे, खुर्ची ओढून तिच्यावर चढायचे आणि घड्याळ काढून गाद्यांच्या चळतीत खुपसून ठेवायचे, कारण टिकटिक टेपवर येते. मग पंखा बंद, असला तर फ्रिज बंद, अंगणातल्या कोंबड्या दुसऱ्या आळीत. टेपरेकॉर्डर कधी जमिनीवर ठेवायचे नाहीत. शेजारी कुणी मसाला कांडत असलं तर जमिनीतून धमक येते म्हणून खाली घडी केलेली गोधडी. तोवर घरातल्या बायका हसून हसून बेजार झालेल्या असायच्या. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय, बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. तुंगार्लीत तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दोन खोल्यांचं घर आहे. समोर मुंबईच्या एका शेठचा बंगला, आणि त्या बंगल्यामागच्या खोलीत राखणदार म्हणून सोपानभाऊ. नऊ वर्षं आम्ही शेजारी होतो. शेजारी म्हणजे काय, तर सोमवार ते शुक्रवार त्या रस्त्यावर संध्याकाळी दोनच दिवे लागायचे, एक त्यांचा आणि एक माझा. शनिवारी मुंबईच्या गाड्या यायच्या, पोहण्याच्या तलावाभोवती स्पीकर लागायचे, आणि सोपानभाऊ बर्फ आणि कोळसा पोचवून आपल्या खोलीच्या पायरीवर कानात बोळे घालून बसायचे. मी एकदा म्हटलं, अहो, उभं आयुष्य गाण्याचा धंदा केलात आणि आता कानात बोळे? तर म्हणाले, त्या गाण्यांत मधे श्वास घ्यायला कुणी थांबतच नाही, ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो.

गाण्याचा धंदा खरोखरच केला होता त्यांनी. बंगल्यावर येण्याआधी बाजारात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, खोकंच म्हणा. लोक आवडत्या गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि सोपानभाऊ ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. पुढे कॅसेटच्या जागी सीडी आली, सीडीच्या जागी मोबाईलचं कार्ड. चार जीबीच्या कार्डात शेकड्यांनी गाणी बसायची. डोंगरातली पोरं भाजीची पाटी विकून यायची आणि कार्ड भरून घेऊन जायची. माझ्याकडेही त्यांनी भरलेल्या दोन कॅसेटी होत्या, खोटं कशाला बोलू! पण मला तोंड आवरत नाही. एकदा मी त्यांना दुकानातच सुनावलं की सोपानभाऊ, ही सरळ सरळ चोरी आहे.

“व्हय बाई, चोरीच हाय,” ते म्हणाले. “पर बोर्डावर तसं लिवता येत न्हाई.”

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा कुठल्याशा कंपनीची माणसं दोन शिपाई घेऊन त्यांच्या दुकानावर आली. आसपासच्या दुकानदारांनी शटरं ओढून पळ काढला. सोपानभाऊंनी आलेल्यांना पाणी दिलं, फळीवरचे खोके स्वतः काढून दिले. ते निघाले तेव्हा त्यांच्या मागे जाऊन म्हणाले, साहेब, टेबलाखाली अजून एक खोका राहिला, नवीन पिक्चरची गाणी त्यात आहेत. शिपाई म्हणाला, भाऊ, गप बसा की जरा. अर्धा दिवस चौकीत बसून आले आणि महिन्याभरात पुन्हा कार्डं भरू लागले. समोरचा न्हावी हा किस्सा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून रंगवून सांगायचा. मला त्यात हसण्यापेक्षा गंमत वेगळीच वाटायची. आपण चोरी करतो हे कबूल करणारे पुष्कळ असतात, पण सोपानभाऊंनी ते कधी साजरंही केलं नाही आणि कधी झाकलंही नाही. पोट होतं, म्हणून करत होते.

मन मात्र दुसरीकडेच होतं. दुकान बंद असायचं त्या दिवशी गाडीला टेपरेकॉर्डर बांधून ते मावळातल्या गावांत जायचे. भाजे हे त्यांचं स्वतःचं गाव, तिथून सुरुवात झाली. मग पवनेच्या पाण्याकडची गावं, मग डोंगरातल्या वाड्या. हळदीची गाणी, जात्यावरची, भातलावणीची, बाळंतिणीच्या पाचवीची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. टेप करायची त्यांची एक रीत होती आणि तीत बदल नाही म्हणजे नाही. गाण्याआधी बाईनं तीन गोष्टी बोलायच्या. आपलं नाव, आपलं गाव आणि हे गाणं आपल्याकडे कुणाकडून आलं. तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय सोपानभाऊ पुढे जायचेच नाहीत. बाई म्हणायची, असंच आलं, कानावर पडलं. हे म्हणायचे, पडलं ते कुणाच्या तोंडून पडलं?

एका वाडीवर एक म्हातारी होती. गाणं लाखमोलाचं, पण कुणाकडून आलं ते तिला आठवेना. दोघं ओट्यावर समोरासमोर बसून राहिले. तिची सून भाकऱ्या थापून उठली तरी हे बसलेलेच. शेवटी म्हातारीला आठवलं, की ती नवी नवरी असताना भातलावणीला एक बाई यायची, तिनं हे गाणं चिखलात उभ्या उभ्या शिकवलं होतं. बाईचं नाव तिला कधीच माहीत नव्हतं, एवढंच आठवत होतं की ती लंगडत चालायची. सोपानभाऊंच्या वहीत त्या गाण्यापुढे अजून तसंच आहे, ‘लावणीला यायची, लंगडत चालायची, तिच्याकडून’. त्यांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी मास्तरकीच्या खाक्यात म्हटलं, याला काय अर्थ आहे, ना नाव ना गाव. ते माझ्याकडे असं बघत राहिले की मीच ओशाळले.

भाज्यात टेप करायचं म्हणजे आणखी एक उपद्व्याप. मळवलीचं स्टेशन हाकेच्या अंतरावर, गाड्यांची धडधड सतत. सोपानभाऊंना वेळापत्रक तोंडपाठ होतं, पण ते गाड्यांचं नव्हे, गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळेचं. आता साडेसहा मिनिटं आहेत, म्हणा, असं सांगायचे. एकदा सहा बायका अगदी सुरात आल्या आणि वेळापत्रकात नसलेली मालगाडी आली. यांनी हात वर केला. बायका तोंड उघडं ठेवून थांबल्या. मालगाडी कसली सरतेय! डबे मोजता मोजता एकीला हसू फुटलं, मग सगळ्याच लोळायला लागल्या. ते हसू त्यांनी कधी पुसलं नाही. टेपवर तसंच राहू दिलं.

त्या हसणाऱ्यांत पहिली होती त्यांची बायको, इंदूबाई.

इंदूबाई तिकोणा पेठेची. हळदीच्या घरी तिच्याशिवाय पान हलत नसे, पण घरात नवऱ्यापुढे तोंडातून सूर काढायची नाही. सहाजणींत मिसळून म्हणायची तेवढंच, एकटीचा आवाज म्हणून द्यायची नाही. नवऱ्यापुढं कुणी गाणं म्हणतं व्हय, असं तिचं म्हणणं. सोपानभाऊ गावोगावच्या बायकांना टेप करत फिरत होते आणि घरची बाई काही बटणाखाली येईना. शेवटी तिच्याच एका चुलतबहिणीनं तोड काढली. इंदूबाई आत माजघरात बसली, सोपानभाऊ भिंतीपलीकडे गोठ्यात, आणि माईकची वायर खिडकीतून आत. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, गाणं तिकोणा पेठेच्या आत्याकडून आलं हे सांगितलं आणि म्हटलं. हळदीचंच गाणं. आधी लग्नाला किल्ल्याला बोलावणं करायचं, मग नदीला, मग खिंडीतल्या वाऱ्याला, आणि शेवटी म्हणणारणीनं आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. इकडे गोठ्यात सोपानभाऊ म्हशीच्या तोंडापुढे पेंड धरून उभे, ती मधेच हंबरू नये म्हणून.

त्या टेपांमधली दहा गाणी पुण्याच्या एका कॅसेट कंपनीनं घेतली. सोपानभाऊंच्या मनात नव्हतं, हौस इंदूबाईंची. आपली कॅसेट दुकानात लागलेली बघायची होती तिला. त्यांनी मूळ टेप दिली, आपल्याजवळ नक्कल ठेवली, कागदावर सही केली, कागदात काय होतं ते वाचलं नाही. कॅसेट आली. वेष्टनावर नथ घातलेल्या कुण्या मॉडेल मुलीचा फोटो, खाली ‘पारंपरिक’ एवढंच. एकाही बाईचं नाव नाही. नाव, गाव आणि कुणाकडून आलं, हे सुरुवातीचं बोलणं कंपनीनं सगळीकडून कापलेलं. सोपानभाऊंचा चेहरा उतरला. इंदूबाईनं फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, हिच्यापेक्षा मी बरी हाय की दिसायला. चार वर्षांनी ती काविळीनं गेली.

हे सगळं मला कळलं ते टाळेबंदीच्या दिवसांत. त्यांची एकुलती मुलगी कल्पना नाशिकला एका इस्पितळात नर्स आहे. सुट्टीवर आली आणि सगळं बंद झाल्यामुळे काही दिवस इथेच अडकली. तिनं खोलीतले खोके उघडले. लोणावळ्याच्या हवेत कॅसेटींचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, टेपवर पांढरी बुरशी चढलेली. बापलेक दिवसभर पायरीवर बसून कापसाच्या काड्यांनी फीत पुसायचे. मग ती गाणी संगणकात घेऊन कल्पनानं व्हिडिओच्या साईटवर त्यांचं चॅनेल उघडलं. गाणी साठावर गेली. प्रत्येक गाण्याखाली बाईचं नाव, गाव, कुणाकडून आलं. वाडीवरच्या म्हातारीचा नातू चाकणच्या कारखान्यात होता, त्यानं खाली लिहिलं, ही माझी आजी, आम्हांला आवाज आठवत नव्हता. सोपानभाऊ हे रस्ता ओलांडून मला दाखवायला आले. वाचून झालं तरी जाईनात. मी चहा टाकला, तेव्हा कुठे बसले. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

वर्षाच्या आत ते पुन्हा फोन घेऊन आले, या वेळी इंग्रजी पत्र होतं. तसली दोन आधीच येऊन गेली होती, पण जाहिरात असेल म्हणून त्यांनी उघडली नव्हती. मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. पुण्याची कंपनी मुंबईच्या कुठल्या मोठ्या कंपनीनं कधीच विकत घेतली होती. तिच्या संगणकानं इंदूबाईंचं गाणं ओळखलं होतं आणि ‘हे आमचं आहे’ असा दावा लावला होता. आधीची दोन पत्रंही त्याच कॅसेटमधल्या गाण्यांची. तिसऱ्याला आठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर नुसतं ते गाणं नव्हे, अख्खं चॅनेल जाणार होतं. साठ गाणी. म्हातारीसकट.

मी पदर खोचून बसले. इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला माझा, म्हटलं बघतेच यांच्याकडे. पहिला अर्ज मी लिहिला, की गाणं पारंपरिक आहे, कुणा एकाचं नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, गाणं पारंपरिक असेल, पण ध्वनिमुद्रण आमचं आहे. आता दुसरा आणि शेवटचा अर्ज उरला. त्यात लिहायला फारसं नव्हतंच. एक चौकट होती, तिच्यावर टिचकी मारायची. चौकटीपुढे लिहिलेलं, हे ध्वनिमुद्रण संपूर्णपणे माझ्या मालकीचं आहे असं मी प्रतिज्ञेवर सांगतो. ती टिचकी मारली की दाव्याला हरकत लागणार होती. मग कंपनीला कोर्टात जावं लागलं असतं, आणि एका हळदीच्या गाण्यासाठी एवढी मोठी कंपनी कशाला कोर्टात जाते? गाणं राहिलं असतं, चॅनेल राहिलं असतं.

मी मराठीत अर्थ सांगितला. सोपानभाऊ म्हणाले, तसं नका लिहू, गाणं तिच्या आत्याकडून आलं ते लिहा. मी म्हटलं, आत्याला इथं जागा नाही. ते म्हणाले, मग टेप मी विकली ते लिहा, पण बायकांनी काही विकलं नव्हतं हेही लिहा. मी म्हटलं, सोपानभाऊ, इथं काहीच लिहायचं नाही, फक्त टिचकी मारायची. माझा आवाज चढला होता. त्यात तिनं तुमचं नाव घेतलंय, मी म्हटलं, याहून मालकी ती काय असते?



“माझं नाव तिनं जन्मात तेवढंच एकदा घेतलं, बाई,” ते म्हणाले. “समोर कधी घेतलं न्हाई, अहो म्हनायची. पर म्हनून गाणं माझं कसं झालं? टेप त्यांची, मी सही करून दिलीय. गाणं तिच्या गावाचं. आवाज तिचा. माझं काय त्यात? बटण दाबलं मी, ते बी भिंतीपलीकडनं.”

मी कल्पनाला फोन लावून स्पीकरवर टाकला. म्हटलं, मुलीचं तरी ऐकतील. ती आधी समजुतीनं बोलली, मग रडली, मग संतापली. सासरी सगळ्यांना तिनं आईचं गाणं पाठवलं होतं. आता तिथे काळी चौकट दिसत होती, कुणाच्या तरी हक्काचा भंग झाल्यामुळे काढलं म्हणून. जाऊबाईंनी विचारलं होतं, तुझ्या वडिलांनी कुणाचं चोरलं?

“अप्पा, लोकांची कार्डं भरून देताना तुम्ही कधी विचारलंत, हे कुणाच्या मालकीचं आहे म्हणून?” ती म्हणाली.

“न्हाई इचारलं,” सोपानभाऊ म्हणाले. “म्हनूनच आता खोटं लिववत न्हाई.”

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं बापाला फोन केला नाही. ते करायचे, ती उचलायची नाही.

फोन माझ्या हातात होता, चौकट समोर होती. ते हात जोडून उठले आणि फोन माझ्याकडेच विसरून गेले, सकाळी न्यायला आले. मधले सगळे तास माझे होते. एक टिचकी मी मारली असती तर त्यांना कळलंही नसतं, आणि आज ती साठ गाणी असती. मी मारली नाही. का, ते मला अजून धड सांगता येत नाही. कधी वाटतं बरं केलं, आणि कधी वाटतं, कसली मेली तुमची प्रामाणिकपणाची मिजास, त्या म्हातारीच्या नातवाला जाऊन सांगा. आठव्या दिवशी चॅनेल गेलं.

सोपानभाऊ नेहमीसारखे पाचोळा झाडत होते. चहाला बोलावलं तर काम आहे म्हणायचे. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रिकाम्या बंगल्यात कसलं आलंय काम! ते फाटकाच्या आत बसायचे, मी खिडकीच्या आत. दोन माणसं समोरासमोर राहून किती एकटी असू शकतात ते मी त्या पावसाळ्यात पाहिलं. माझंही कुणी नाही, त्यामुळे उगाच मानभावीपणा करत नाही. मला त्यांची सवय झाली होती आणि ते येत नव्हते, याचा मला त्रास होत होता.

दिवाळीनंतर एका सकाळी ते आपणहून आले. फोन पुढे केला. त्या कंपनीनं ते गाणं स्वतः साईटवर टाकलं होतं. तोच नथवाल्या मुलीचा फोटो, ‘पारंपरिक हळदीगीत’. आधी केस काळे करायच्या रंगाची जाहिरात लागली. मी ती पुढे ढकलायला बोट नेलं तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, असू द्या, दुकान त्यांचं हाय. आम्ही दोघांनी ती जाहिरात अदबीनं पूर्ण ऐकली. मग इंदूबाई आली.

कंपनीकडे मूळ टेप होती, बुरशी न लागलेली. आवाज इतका स्वच्छ होता की तिच्या बांगड्या ऐकू आल्या. ओळ संपली की ती श्वास घेत होती तो ऐकू आला. सोपानभाऊ म्हणाले, या बांगड्या मी विसरलोच होतो, बाई. गाणं संपत आलं, नाव आलं. ते रडले. मी उठून उगाच भांडी लावली.

मग त्यांनी एक काम सांगितलं. गाण्याखाली कुणालाही दोन ओळी लिहिता येतात, तिथे मी लिहायचं. मी लिहिलं, ‘गाणारी इंदूबाई सोपान केदारी, राहणार भाजे. गाणं तिकोणा पेठेच्या तिच्या आत्याकडून आलेलं.’ कंपनीनं कापलेलं बोलणं तेवढं परत आलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही आणि कुणी काढलंही नाही. तेव्हा ते गाणं ऐकणाऱ्यांचा आकडा चौदा होता.

मी कल्पनाला कळवलं. ती शांतपणे म्हणाली, “बाई, मी ते उघडणार नाही. माझ्या आईला त्यांच्या दुकानात जाऊन नाही ऐकायचं मला.” मी पुष्कळ सांगितलं. बापासारखीच आहे, एकदा नाही म्हणजे नाही. हे मी सोपानभाऊंना बोलले नाही.

पुढच्या वर्षी शेठनं बंगला विकला. नव्या मालकानं राखणीला एजन्सी नेमली, गणवेशातली माणसं आली. सोपानभाऊ इंदूबाईंच्या भावाकडे तिकोणा पेठेला निघाले. सोमवारची सकाळ होती. मेव्हण्याचा टेम्पो फाटकाशी उभा, त्यात कॅसेटींचे खोके, एक ट्रंक, घडी केलेली गोधडी. मी शेंगदाण्याचे लाडू डब्यात घालून नेले. म्हटलं, तिकडे करमेल ना? ते म्हणाले, माणसं हायती, करमंल. फक्त तितं रेंज न्हाई, गाणं लावता येणार न्हाई.

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला बाजूला घेतलं. बरेच दिवस मनात ठेवलेलं सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं. आपण गाणं सकाळी एकदा लावतो, संध्याकाळी एकदा. आकडा दोननं वाढायला पाहिजे. पण गेलं वर्षभर तो रोज तीननं वाढतो. एक दिवस चुकत नाही. त्यांनी ताडून पाहिलं होतं, एक दिवस मुद्दाम लावलंच नाही, तरी एकानं वाढला.

“कल्पना हाय ती,” ते म्हणाले. “बोलत न्हाई, पर रोज आईला ऐकतीय. आता मी न्हाई लावलं तरी चालंल.”

त्यांच्या तोंडावर एवढं समाधान होतं. मी पहाटे पाचला उठते, गॅसवर चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत इंदूबाईंचं गाणं लावते. त्या दिवाळीपासून रोज. एकटीच्या घरात सकाळी माणसाचा आवाज हवासा वाटतो, दुसरं काही नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आपल्या असल्या गोष्टी कोण सांगत बसतं?

“असेल, असेल,” मी म्हटलं. “तिच्याशिवाय कोण असणार?”

ते टेम्पोत मेव्हण्याशेजारी बसले. डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला. वळणावर त्यांनी मागे पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं.

आता तो आकडा रोज एकानं वाढतो. मधे मी आठवडाभर तापानं निजून होते, तेव्हाही उशाशी फोन घेऊन लावत होते. तिकोणा पेठेत कधीतरी, एखाद्या टेकाडावर, त्यांच्या फोनला रेंज मिळेल आणि ते आधी आकडा बघतील.